जुन्या वाड्यांची जुनी चित्रपुस्तके

रद्दीच्या काट्यावर चढलेले एक पुस्तक मी तीन वर्षांपूर्वी वसमतला खाली उतरवून घेतले. त्या पुस्तकाची हकिगत आधी सांगतो. म्हणजे आज कशाविषयी बोलायचे आहे ते वाचकांच्या आपोआप ध्यानात येईल.

आमच्या शिरड शहापूरपासून दोन-अडीच कोसांवर एका गावी एक जुना वाडा होता. गावाचे आणि घराण्याचे नाव मुद्दाम सांगत नाही; ती मंडळी आजही आहेत आणि त्यांचा यात काही गुन्हा नाही. पांढऱ्या मातीचा उंच तट, आत दोन चौक, सागवानी खांबांवर तोललेले माळवद, ढेलजेत पहारेकऱ्याच्या दिव्यासाठी देवळी, धान्याला भिंतीतले बळद, असा तो वाडा. आपल्याकडे अशा घराला गढी म्हणतात. तीन भावांत वाटण्या झाल्या, मुले नांदेडला आणि पुण्याला गेली, माळवद गळू लागले, आणि एका उन्हाळ्यात वाडा उतरवायला काढला. तुळया आणि दारे सागाची, त्यांना चांगला भाव आला. दगड ब्रासच्या हिशेबाने गेला. पांढरी माती शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून नेली. माळ्यावर दोन पेट्या कागदांनी भरलेल्या होत्या, त्या मात्र किलोवर गेल्या. साऱ्या वाड्यात सगळ्यात स्वस्त विकला गेला तो कागद.

मला ही बातमी आठ दिवसांनी कळली. धावत वसमतला गेलो, तेव्हा पेट्यांतले बरेचसे पुढे रवाना झाले होते. उरलेल्या ढिगात एक जाड, जड पुस्तक सापडले. के. कृष्णस्वामी मुदिराज यांचे इंग्रजी 'पिक्टोरियल हैदराबाद'. त्याचा पहिला भाग 1929 साली निघाला, दुसरा 1934 साली. हा पहिला भाग होता. निजामाच्या राजधानीतील इमारती, अमीर-उमरावांच्या देवड्या आणि संस्थाने यांची छायाचित्रे छापलेले हे पुस्तक त्या काळी मोठमोठ्या घरांतून दिमाखाने ठेवलेले असे. मी पाने उलटू लागलो आणि मन खट्टू झाले. निदान वीस ठिकाणी कात्री चालली होती. चित्र गेलेले, भोवतीची चौकट तेवढी शिल्लक. चौकशी केली तेव्हा कळले की, घरातल्या एका मुलाला शाळेतून 'ऐतिहासिक वास्तू' असा तक्ता करून आणायला सांगितले होते. तक्त्याला पहिले बक्षीस मिळाले. पुढे तोही पावसाळ्यात भिजून गेला.

शिक्षकबंधूंनी रागावू नये. मीही शिक्षकच आहे, आणि मीही असले तक्ते करायला लावले आहेत. कोणत्या पुस्तकाला कात्री लागते आहे, हे मी तरी कधी विचारले होते?

तर जुन्या घरांची, वाड्यांची, राजवाड्यांची चित्रे असलेली जुनी पुस्तके, ती कशी जन्मली, कशी ओळखावी, आणि खेड्यात राहून ती जमवता व सांभाळता येतात का, हा आजचा विषय.

या छंदाचे मूळ घर इंग्लंड. तेथील जमीनदार राजधानीत थोडे दिवस राही आणि बाकीचे वर्ष आपल्या जमिनीवर, गावाकडच्या मोठ्या घरात काढी. आपला देशमुख किंवा जहागीरदार गढीत राही, तसेच म्हणा. फरक इतकाच की आपली गढी भिंतीआड लपलेली, आणि त्यांचे घर बागेच्या मधोमध सगळ्यांनी पाहावे म्हणून उभे केलेले. घर दाखवायचे म्हटल्यावर त्याचे चित्र आले, आणि चित्रे आली की पुस्तक आले. 1707 साली किप आणि नाइफ या दोघा चित्रकारांनी 'ब्रिटानिया इलस्ट्रेटा' नावाचा ग्रंथ काढला. त्यात एकेक घर घारीने वरून पाहावे तसे दाखवले आहे: मध्ये घर, भोवती बाग, तबेले, तळी, पलीकडे शेते. 1715 पासून कोलेन कॅम्बेल याने 'व्हिट्रुव्हियस ब्रिटानिकस' काढले; त्यात घरांचे नकाशे आणि दर्शनी बाजू मोजमापांनिशी आहेत. गवंड्याच्या कामाचा ग्रंथ तो. जोसेफ नॅश याने 1839 ते 1849 या काळात चार भागांत जुन्या इंग्रजी घरांची आतली चित्रे दगडी छापावर छापली, आणि जुन्या काळच्या पोशाखातली माणसे त्या दालनांत हसत-खेळत बसवली. पुढे 1860 नंतर मॉरिस नावाच्या एका पाद्र्याने मजकूर लिहिला आणि फॉसेट नावाच्या मुद्रकाने ड्रिफील्ड या लहानशा गावात लाकडी ठशांवरून रंगीत चित्रे छापून अनेक भागांची मालिका काढली. लहान गावातल्या छापखान्याने असले नाजूक रंगकाम करावे, याचे मला फार कौतुक वाटते.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. यांपैकी बरीच पुस्तके आगाऊ वर्गणीवर निघत. ज्याच्या घराचे चित्र, तोच पुष्कळदा ग्राहक. मग चित्रकार घर थोडे उंच, बाग थोडी रुंद, आकाश अगदी स्वच्छ काढणार, यात नवल ते काय? स्वयंपाकघर, चाकरांच्या खोल्या, मागचे उकिरडे त्यात दिसायचे नाहीत. म्हणून असे चित्र म्हणजे पुरावा खरा, पण घरमालकाच्या बाजूने दिलेला पुरावा. आमच्या 'पिक्टोरियल हैदराबाद'लाही हेच लागू आहे. देवडीचा दिवाणखाना दिसतो. देवडीसाठी ज्यांच्याकडून सारा वसूल झाला ते कुळ कोठेच दिसत नाही.

असे असूनही या पुस्तकांची किंमत पुढे वाढली, कारण घरेच राहिली नाहीत. विसाव्या शतकात कर वाढले, महायुद्धांत मुलगे मेले, चाकर मिळेनासे झाले, आणि इंग्लंडात शेकडो मोठी घरे पाडली गेली. 1974 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने या पाडल्या गेलेल्या घरांचेच एक प्रदर्शन भरवले. तेथे पाहायला काय होते? चित्रे आणि छायाचित्रे. घर जाते, पान राहते.

आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा दाखला पुण्याचा शनिवारवाडा. 1732 साली वास्तुशांत झालेला हा वाडा 1828 च्या आगीत आतून जळून गेला. तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंजी एवढे आज पाहायला मिळते. आतला गणेशमहाल कसा होता, खांब कसे, वरची तक्तपोशी कशी? याचे उत्तर शोधणाऱ्याला एका चित्राकडे वळावे लागते. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याने जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराला पुण्यास आणले होते. वेल्सने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे काढली, दरबाराच्या चित्रासाठी रेखाटने केली, आणि 1795 साली तो मरण पावला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएल याने 1805 साली पेशव्यांच्या दरबाराचे मोठे तैलचित्र रंगवले. स्वतः डॅनिएलने ते दालन रंगवताना पाहिले नव्हते, म्हणून त्यावर डोळे मिटून विसंबणे बरे नव्हे. पण दुसरे काय आहे हातात?

याच मॅलेटने पुण्यात चित्रकला शिकवण्याची शाळा काढली होती. गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार तेथे शिकला, आणि वेरूळची लेणी त्याने कागदावर उतरवली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्सने काढलेली वेरूळची चित्रे मात्र पुस्तकरूपाने निघाली, ती थॉमस आणि विल्यम डॅनिएल या चुलत्या-पुतण्यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या प्रचंड ग्रंथमालेत. 1795 ते 1808 या काळात तिची 144 चित्रे प्रसिद्ध झाली. आज अखंड संच मिळणे दुरापास्त आहे, त्याचे कारण पुढे सांगतो. पश्चिम हिंदुस्थानातील ठिकाणांची, वास्तूंची आणि पोशाखांची चित्रे असलेले ग्रिंडले याचे पुस्तक 1826 पासून भागाभागांनी निघाले, तेही याच जातीचे.

मराठवाड्यापुरते पाहायचे तर तीन-चार नावे शिक्षकांनी टिपून ठेवावीत. जेम्स बर्जेस याचा बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील पुराणवस्तूंवरील अहवाल 1878 साली निघाला. हेन्री कझेन्स याचा दख्खनमधील मध्ययुगीन देवळांवरील ग्रंथ 1931 चा. त्यात आमच्या तालुक्याच्या गावचे, औंढ्याचे नागनाथाचे देऊळ आहे. (साताऱ्याकडचे औंध वेगळे. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही वेरूळ आणि अजिंठा यांवर सचित्र पुस्तके केली, त्यामुळे ग्रंथविक्रेत्यांच्या यादीत औंध-औंढ्याचा घोटाळा मी दोनदा पाहिला आहे.) निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याजदानी यांनी अजिंठ्यावर चार भाग काढले आणि 1947 साली बीदरवर मोठा सचित्र ग्रंथ लिहिला. ए. क्लॉड कॅम्बेल याचे 'ग्लिम्प्सेस ऑफ द निजाम्स डोमिनियन्स' 1898 चे, छायाचित्रांनी नुसते खच्चून भरलेले. आणि हैदराबादच्या वास्तूंची छायाचित्रे म्हटली की राजा दीनदयाळ यांचे नाव घ्यावेच लागते. निजामाच्या दरबारी जाण्याच्या सुमारास त्यांनी मध्य हिंदुस्थानातल्या वास्तूंची छायाचित्रे घेतली होती, ती लेपल ग्रिफिन याच्या 1886 सालच्या ग्रंथात आहेत.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, "सर, यात आमच्या गढ्या कुठायत?" प्रश्न रास्त आहे. देवळे आहेत, लेणी आहेत, किल्ले आहेत, राजधानीतल्या देवड्या आहेत. खेड्यातला वाडा कोणी काढलाच नाही. साहेबाला तो पडकी मातीची भिंत वाटला, आणि आपल्याला तो रोजचाच. मराठी वास्तुकलेचा नीट अभ्यास म. श्री. माटे यांनी करून 1959 साली पुणे विद्यापीठातर्फे तो प्रसिद्ध केला, पण त्यातही भर साहजिकच पश्चिम महाराष्ट्रावर आहे. त्यामुळे मराठवाड्यातल्या संग्राहकाचे काम थोडे निराळे होऊन बसते. छापील पुस्तक जमवायचेच, पण पुस्तकाच्या आत, पुस्तकाशेजारी, त्याच पेटीत काय निघते, तेही जपायचे.

असे करणारा फार मोठा माणूस आपल्यात होऊन गेला. रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस. 1870 ते 1926 हा त्यांचा काळ. राजवाडे गावोगाव पायपीट करीत वाड्यांच्या माळ्यांवरून कागद खाली उतरवीत होते, खरेशास्त्री मिरजेला पटवर्धनांचे दप्तर वाचीत होते, त्याच पिढीतले पारसनीस. पण यांची नजर कागदांबरोबर चित्रांवरही होती. साताऱ्याला त्यांनी कागद, चित्रे, पुस्तके यांचा मोठा संग्रह उभा केला. 1921 साली त्यांनी 'पूना इन बायगॉन डेज' हे इंग्रजी पुस्तक लिहिले. पेशव्यांचे वाडे, बागा, देवळे यांची माहिती आणि चित्रे त्यात एकत्र मिळतात. जुन्या चित्रांचा संग्रह हाताशी नसता तर असले पुस्तक उभे राहिले नसते. पुढे 1939 साली त्यांचा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला आणि अभ्यासकांना खुला झाला. मला वाटते, पारसनीसांवर संशोधक म्हणून टीका पुष्कळ झाली, संग्राहक म्हणून त्यांचे ऋण आपण पुरते मानले नाही.

आता कामाचे बोलू. जुने चित्र हाती आले तर ते कशावरून छापले हे कसे ओळखावे? दहा रुपयांचे भिंग पुरे. भिंगातून पाहिल्यावर चित्र बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसले, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे, तर तो जाळीचा ठोकळा, म्हणजे साधारण 1890 नंतरचे काम. ठिपके नाहीत, रेघा आहेत, आणि चित्राभोवती कागदावर चौकोनी दाब बसलेला बोटाला लागतो, तर ते तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्यावर कोरून छापलेले. पत्रा ओल्या कागदावर दाबला जातो, म्हणून ती कडा उमटते. दाब नाही, रेघ खडूने ओढल्यासारखी मऊ आणि दाणेदार, तर तो दगडी छाप, शिळाप्रेस. आपल्या देवघरातली राजा रविवर्म्याची जुनी चित्रे आठवा. 1894 साली सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यात एकेका रंगाला एकेक दगड वापरून ती छापली जात. पुण्याची चित्रशाळाही 1878 पासून हेच काम करी. लाकडी ठशाचे चित्र बहुधा मजकुराच्याच पानावर असते, कारण ठसा खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत बसवता येतो. आणि काही पुस्तकांत चक्क खरे छायाचित्र डकवलेले असते. ते कडांकडून पिवळे पडत जाते.

दुसरी परीक्षा चित्रांच्या मोजणीची. ही चित्रे वेगळी छापून मग बांधणीत घालीत, त्यामुळे पानांच्या आकड्यांत ती धरलेली नसतात. पाने पुरी आहेत म्हणून पुस्तक पुरे आहे असे समजू नये. प्रारंभी चित्रांची सूची असते, तिच्याशी एकेक चित्र ताडून पाहावे. सूचीच नसेल तर समोरचे पान निरखावे. वर्षानुवर्षे चित्र ज्या पानाला चिकटून बसले, त्या पानावर शाईची फिकट तपकिरी सावली पडते. चित्र चोरीला गेले तरी सावली मागे राहते! पिठाच्या डब्याखालचे वर्तुळ डबा हलवल्यावरही फडताळात दिसते ना, तसे.

चित्रे जातात कोठे? तक्त्यावर जाणारी थोडी. बाकीची बाजारात. अखंड पुस्तकाला एक गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागते, पण सुटे चित्र चौकटीत घालून दिवाणखान्यासाठी लगेच विकले जाते. शंभर चित्रांचे पुस्तक फोडले तर शंभर गिऱ्हाइके. 'ओरिएंटल सीनरी'चे अखंड संच दुर्मीळ झाले ते अशानेच. फोडलेल्या पुस्तकाचे सुटे चित्र विकत घ्यावे की नाही, यावर संग्राहकांत मतभेद आहेत. माझे मत विचाराल तर मी घेत नाही. एकदा घेतले होते, मोह आवरला नाही. ते अजून पाकिटातच आहे.

अशी पुस्तके मिळतात कोठे? हैदराबादला आबिद्स भागात रविवारी रस्त्यावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. निजामी राज्याची पुस्तके तेथे अजून निघतात. मुंबईच्या फोर्टातल्या पदपथांवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास फिरावे. पण ही झाली गाडीभाडे खर्चण्याची गोष्ट. खेड्यातल्या शिक्षकाला खरे भांडार जवळच आहे. तालुक्याच्या जुन्या वाचनालयांतून 'चित्रमयजगत' या मासिकाचे बांधीव खंड कधीकधी सापडतात. 1910 साली चित्रशाळेने सुरू केलेले हे मासिक. संस्थाने, शहरे, इमारती, मिरवणुका यांची चित्रे त्यात भरपूर. कपाटाच्या तळाशी असते, कोणी मागत नाही, आणि वाळवीला ते फार आवडते. शिवाय वर सांगितलेले बरेचसे जुने ग्रंथ आता इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात. वर्गात मोबाइलवर मुलांना ते दाखवता येतात, आणि तक्त्यासाठी चित्र हवे असेल तर त्याचीच छापील प्रत काढता येते. कात्रीचा प्रश्न तेथेच मिटला.

सांभाळण्याविषयी दोन शब्द, कारण यात माझा हात पोळला आहे. कॉलेजात नवा लागलो तेव्हा एका जुन्या पुस्तकातले फाटलेले रंगीत चित्र मी चिकटपट्टी लावून जोडले आणि स्वतःवर खूश झालो. सात वर्षांनी पट्टी सुटली, पण तिचा गोंद कागदात मुरून तेथे मधाच्या रंगाचा आडवा पट्टा उमटला. तो जात नाही. तेव्हापासून मी फाटलेले पान तसेच ठेवतो, दोन कोऱ्या कागदांत घालून, आणि पुस्तक सुती फितीने बांधतो. आपले पूर्वज पोथी लाकडी फळ्यांत घालून सुती कापडात गुंडाळीत, ते उगाच नव्हे. कापड धूळ अडवते आणि हवा मात्र खेळू देते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. कसरीसाठी वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंब कापडाच्या पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवावा. पानांत नव्हे, डाग पडतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे, आणि खालचा कप्पा रिकामा. पावसाळ्यात पुस्तके शक्यतो उघडू नयेत. दिवाळीनंतर कोरडी हवा आली की सावलीत, उन्हात नव्हे, एकेक काढून पाने हलकेच मोकळी करावीत. आमच्या भागात पुढे हळद शिजवण्याची आणि घोळण्याची धांदल असते, तेव्हा मात्र कपाट बंद बरे. तो पिवळा धुरळा एकदा कागदावर बसला की बसला.

कागदाच्या जातीचाही विचार करावा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून हातकागद बनत असे. त्यावरची दोन-दोनशे वर्षांची लिखाणे आजही घडी घालता येतील इतकी लवचिक असतात. उलट साधारण 1870 नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात आम्ल राहते, आणि शंभर वर्षांत तो पापडासारखा मोडतो. म्हणजे आजोबांच्या पुस्तकापेक्षा पणजोबांची पोथी जास्त टिकाऊ. अशा मोडत्या पुस्तकाचे आधी फोटो काढून ठेवावेत.

आणि कायदा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक हस्तलिखिते आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरावस्तू परदेशी नेता येत नाहीत. गावात गाडी घेऊन येऊन "जुनं काय असंल ते दाखवा" म्हणणाऱ्याला पेटी उघडून दाखवण्यापूर्वी हे आठवावे.

आता त्या वसमतच्या पुस्तकाकडे परत येतो. घरी आणून मी पान पान झटकले. असे झटकणे कधी चुकवू नये. जुन्या घरात पुस्तक हीच तिजोरी असे. एक मोडीतली पावती निघाली, एक उर्दूतला सरकारी लखोटा, आणि शेवटच्या पानांत एक छायाचित्र. तळहाताएवढे. पोळ्याचा दिवस असावा: झुली घातलेले चार बैल, फेटे बांधलेले गडी, आणि मागे वाड्याचा दिंडी दरवाजा, त्यावरची नगारखान्याची खिडकी, डावीकडे तट. पाठीवर काहीच लिहिलेले नाही.

तो वाडा तोच की दुसरा, हे सांगणार कोण? घराण्यातल्या एक आजी नांदेडला नातवाकडे असतात, नव्वदीला आलेल्या. त्यांच्याकडे गेलो. मी म्हणालो, "आजी, एक फोटो दाखवायचा होता." त्यांनी आधी मला चहा पाजला, मग चष्मा शोधला. म्हणाल्या, "गुरुजी, त्या जुन्या कागदाचं काय करायलाव तुमी?" आणि फोटो हातात घेतल्यावर बोलणे थांबले. बराच वेळ बोट त्या दरवाजावरून फिरत राहिले.

"हा दरवाजा आमचाच की. ह्या खिडकीतून मी वरात बघितली माह्या नणंदेची. आम्हा बायकांना खाली यायची चोरी व्हती." मग त्या सांगत गेल्या आणि मी वहीत आराखडा काढत गेलो. दरवाजातून आत ढेलज, उजवीकडे कचेरी, तेथे सारा भरायला लोक बसत. पहिला चौक पुरुषांचा, सोपा सात खणांचा. दुसऱ्या चौकात तुळस, माजघर, बाळंतिणीची खोली, तिला खिडकी नव्हती. विहीर आतच होती, पण पाणी शेंदायला येणाऱ्यांना मागच्या दारानेच यावे लागे, आणि कोणाला तेवढीही मुभा नव्हती, हेही त्यांनी सांगितले, आवाज थोडा खाली करून. कोणत्याही सचित्र ग्रंथात हे छापले गेले नसते.

त्या एका दुपारी माझ्या वहीची नऊ पाने भरली. छायाचित्राची मोठी प्रत काढून ती आजींना दिली, मूळ चित्र दोन कोऱ्या कागदांत घालून पुस्तकात होते तेथेच ठेवले, आणि आराखड्याची एक प्रत त्या गावच्या शाळेला दिली. तेथील एका शिक्षिकाबाईंनी पुढचे काम मुलांकडून करवून घेतले. गावात अजून दोन जुने वाडे उभे आहेत. मुलांनी दोरी आणि टेप घेऊन त्यांची मापे घेतली, दर खोलीला घरच्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले नाव लिहिले, खांब मोजले, कोनाडे मोजले, दारावरची कमळे आणि कीर्तिमुखे पेन्सिलीने उतरवली. बत्तीस पानांचे, दाभणाने शिवलेले पुस्तक झाले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत, त्या मी दुरुस्त केल्या नाहीत. त्याच्या चार प्रती काढल्या: एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक वाडेवाल्यांकडे आणि एक माझ्या कपाटात, मुदिराजांच्या त्या कात्री लागलेल्या ग्रंथाशेजारी.

मागच्या आठवड्यात त्या बाईंचा निरोप आला. दोनपैकी एका वाड्याचे माळवद यंदाच्या पावसात खाली आले. मुलांनी मोजलेला सोपा त्यातच गेला. मापे वहीत आहेत.